आखूड पट्टा

ही माझी धाकटी बहीण. ती सातवी शिकली, मी सहावी. तेवढ्या एका इयत्तेत ती माझ्या पुढे, बाकी सगळे गुण माझेच उचललेत. कपडे शिवणारे गल्लोगल्ली सापडतील. पण गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत नुसत्या नजरेने त्याचं माप सांगणारी आमच्याच घरात निपजली.

तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतात. दंड असे की शर्टाची बाहीच दया मागते. क्रेनवाल्यांचं ब्लडप्रेशर दरवर्षी तपासतात, कारण वर बसलेल्याला चक्कर आली तर खालच्याला चक्कर यायलाही वेळ मिळत नाही. यंदा मेहुण्यांचा आकडा दोनदा एकशे अडुसष्टवर गेला. तिसऱ्यांदाही गेला तर क्रेन बंद, स्टोअरमध्ये बसून हातमोजे वाटायचे. बावीस वर्षं साहेबांची टकलं वरून बघितलेला माणूस तो. जेवणच सुटलं त्यांचं.

घरात डॉक्टरांचं पीक आलं. तिच्या सासऱ्यांनी मीठ बंद केलं. दिराने चहा बंद केला. शेजारीण म्हणाली, राग बंद करा. त्यावर मेहुणे असे भडकले की ती आठ दिवस फिरकली नाही.

बहिणीने एकच विचारलं, "अहो, तपासताना करतात काय?"

"दंडाला पट्टा बांधतात, हवा भरतात. मग तो टर्रकन सुटतो."

"सुटतो?"

"दरवेळी. मग कंपाउंडर वरून हाताने दाबून धरतो."

तिचा पाय मशीनवर थांबला. म्हणाली, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी गळ्यातली टेप तशीच ठेवून ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली. एक टेबल, एक वजनकाटा, एक काचेचं कपाट. मेहुणे क्रेनची ऐंशी पायऱ्यांची शिडी उतरून धापा टाकत आले. कंपाउंडरने त्यांना उभ्या उभ्याच पकडलं आणि शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळायला घेतला. एकीकडे गप्पा चालू, "काय म्हणतंय वरचं हवामान?"

"थांबा," बहीण म्हणाली. तिने मेहुण्यांची बाही वर सारली आणि दंडाला टेप लावली. "साडेपंधरा इंच. तुमचा पट्टा तेराचा आहे."

"ताई, हा ब्लाउज नाही. मेडिकलचं काम आहे हे."

"माप ते माप. पट्ट्यावर रेघ छापलीय बघा, त्याचं टोक इथपर्यंत यायला हवं. ते चार बोटं मागे राहतंय. पट्टा आखूड असला की तीच नस दाबायला जादा हवा लागते. ती जादा हवा तुम्ही यांच्या रक्ताच्या नावावर चढवता."

कंपाउंडरने पट्टा उलटून बघितला. रेघ होती. नऊ वर्षं होती.

"मोठा पट्टा नाही का?"

"आहे की." त्याने कपाटाकडे बोट केलं. मोठा पट्टा प्लास्टिकमध्ये, सील शाबूत. "तो इन्स्पेक्शनला दाखवायचा असतो. फोडला तर नवा कसा दिसेल?"

यावर बहिणीने गळ्यातली दुसरी वस्तू काढली, कात्री. ती लोकरीच्या दोऱ्याला बांधून वावरते. प्लास्टिक कापलं, पट्टा टेबलावर ठेवला.

मग प्लास्टिकमधून निघालेला सूचनांचा कागद वाचून तिने मेहुण्यांना आधी लघवीला पाठवलं. आल्यावर खुर्चीत बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. "पाच मिनिटं बोलायचं नाही." संसारात पहिल्यांदाच मेहुणे पाच मिनिटं गप्प बसले. ती मात्र गळ्यातली टेप गुंडाळत आणि उलगडत राहिली. आता आकडा चढला तर दोष द्यायला पट्टाही उरणार नव्हता.

हवा भरली. पट्टा सुटला नाही. काटा हळूहळू उतरला. वर एकशे अडतीस, खाली शहाऐंशी. वरचा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते दम खातं तेव्हाचा. कंपाउंडरने पुन्हा मोजलं. दोनाचाच फरक.

"क्रेन चालवा," तो रजिस्टरमध्ये लिहीत पुटपुटला.

"बघ," मेहुणे फुलले, "मी म्हणतच होतो."

"काठावर आहात. मीठ कमीच राहील," बहीण म्हणाली. नवऱ्याची हवाही वेळेवर सोडावी लागते, हे तिला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापड कापत होती, तर दारात कंपाउंडर. हातात जुना आखूड पट्टा. मोठा त्याने पुन्हा प्लास्टिकमध्ये घालून चिकटपट्टी लावून कपाटात ठेवला होता.

"ताई," तो म्हणाला, "याला चार बोटं कापड जोडून द्याल का?"

बहिणीने पट्टा उलटसुलट केला, त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "कापड मी जोडीन. आतला फुगा कोण वाढवणार? जा, चिकटपट्टी काढा. वर बसणारे अजून सहाजण आहेत, आणि मी सगळ्यांचे दंड पाहिलेत."