वाघदेवाची खीर

त्या वर्षी माझा आणि देवाचा अबोला होता. आमची एकुलती एक मुलगी मीनल श्रावणात तापानं गेली. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी गडावरच्या देवीला, आमच्या कुलदेवीला, जे जे कबूल करता येईल ते सगळं केलं होतं. पायी येईन, खणा-नारळानं ओटी भरीन, जन्मभर अनवाणी राहीन. तिनं यातलं काहीच घेतलं नाही, मुलगी तेवढी घेतली. तेरावं झाल्यावर माझ्या यजमानांनी देव्हाऱ्यातले देव एका जुन्या धोतरात बांधले आणि माळ्यावर ठेवून दिले. मी त्यांना अडवलं नाही. उलट शिडी मीच धरली होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही नाशिक रोडला सरकारी कॉलनीत राहायचो. ह्यांना तरुणपणापासून सायकलीचं वेड. सुट्टी आली की सायकली एसटीच्या टपावर चढवायच्या, पेठ-हरसूलकडं कुठंतरी उतरायचं आणि डोंगरातल्या आतल्या रस्त्यांनी दिवसभर फिरून संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. मीनल गेल्यावर ह्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं, पण सायकल सुटली नाही. फक्त आता त्यांना माणूस नको असायचा. जिथं सकाळी एक जीप जाते आणि संध्याकाळी तीच परत येते, असेच रस्ते ते शोधायचे. मीही माझी लेडीज सायकल काढून मागं जायला लागले. चाळिशी उलटलेली बाई पंजाबी ड्रेस घालून नवऱ्यामागं घाट चढते, यावर कॉलनीत बरीच करमणूक झाली. होऊ दे म्हटलं. हे एकटे गेले तर परत येतील, याची मला खात्री वाटत नव्हती आणि ते कॉलनीला सांगायची माझी इच्छा नव्हती.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्याच्या नावानं एखादा आवडीचा पदार्थ सोडतात. ह्यांनी गोड सोडलं. ह्यांना मधुमेह, रोज सकाळी इन्सुलिनची सुई. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजींनी गोड सोडलं म्हणजे टकल्यानं कंगवा सोडला." तशा दिवसांतही मला हसू आलं. पण यातली मेख आमच्या दोघांनाच ठाऊक होती. सुई घेतल्यावर खाणं कमी पडलं किंवा श्रम जास्त झाले, की ह्यांची साखर एकदम उतरायची. मग तोंडात तातडीनं गोड पडलं नाही तर माणूस हातचा जातो, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. म्हणून ह्यांच्या सायकलच्या पिशवीत खडीसाखरेची पुडी कायम असायची. गोड सोडलं तरी ती पुडी औषध म्हणून राहणार, असं मी धरून चालले होते.

दिवाळी आली. दुःखाच्या घरी फराळ तळत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळपासून स्टीलचे डबे यायला लागले. ओट्यावर लाडू-करंज्यांची रांग लागली. ह्यांनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाले, "उद्या पेठकडं जाऊ." सकाळी सुई टोचून पहिल्या एसटीनं निघालो. पेठच्या स्टँडवर पोहे मागवले. समोरच्या हातगाडीवर कॉलेजातल्या, मीनलच्याच वयाच्या दोन मुली रांगोळीचे रंग निवडत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. ह्यांनी दोन घास खाऊन बशी सरकवली. मी आग्रह केला, ते आधीच उठून सायकलीपाशी गेले होते.

पेठच्या पुढचा तो आतला रस्ता एरवी मला फार आवडला असता. दोन्ही अंगांना कापणीला आलेला भात, उतारावर नागली, मध्येच खुरासणीचे पिवळे तुकडे, आणि चाकांच्या आवाजाखेरीज काही नाही. त्या दिवशी मात्र ती शांतता मला खायला उठली. ऊन चढलं, चढण लागली. बिनगिअरच्या सायकली, उतरून ढकलत होतो. हे पुढं होते. बघता बघता त्यांची सायकल रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला जायला लागली. जवळ गेले तर सदरा घामानं चिंब, ओठ पांढरे, आणि माझ्यावरच उगाच चिडलेले. मी ओळखलं. त्यांना धरून सागाच्या सावलीत बसवलं आणि पिशवीत हात घातला. भाकरी होती, ठेचा होता, पाणी होतं. पुडी नव्हती.

"पुडी कुठं आहे?" मी विचारलं.

"काढली," हे म्हणाले. जीभ जड झाली होती. "गोड सोडलंय ना मी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला सगळं समजलं. ही विसरभोळ्या माणसाची नजर नव्हती. इतके दिवस ज्या गोष्टीला भिऊन मी मागं मागं सायकल मारत होते, ती माझ्या डोळ्यांदेखत पिशवी भरताना होऊन गेली होती. मला राग आला, फार आला. मुलगी दोघांची गेली होती आणि हा माणूस एकटाच निघाला होता. मी भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला, त्यांना चावता येईना. मग मान कलली. हाका मारल्या, हुंकार तेवढा आला. सायकलवर बसून उतारानं गाव गाठावं तर मागं हे एकटे पडणार, थांबावं तर डोळ्यांदेखत जाणार. माणूस नाही म्हणून निवडलेल्या रस्त्यावर मी माणसासाठी ओरडत होते. देवीचं नाव मी घेतलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडं कबूल करायला काही उरलंच नव्हतं. मी नुसती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

तेवढ्यात वरच्या झाडीतून गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. पाऊलवाटेनं एक म्हातारा उतरत होता. डोक्याला पांढरं फडकं, हातात जर्मनचं पातेलं. आम्हाला पाहून तो लगबगीनं आला.

"काय झाला बाई? कोन हाय हा?"

"माझे मालक. साखर उतरली आहे. बाबा, काही गोड आहे का जवळपास? गूळ, साखर, काहीही?"

"खीर हाय," तो म्हणाला आणि पातेल्यावरची पानं बाजूला केली. "वाघोबाची. आज आमची वाघबारस."

गूळ घालून शिजवलेली तांदळाची खीर होती, अजून कोमट. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं मी बोटावर थोडी घेऊन ह्यांच्या हिरड्यांना लावायला गेले. ह्यांनी दात आवळले आणि तोंड फिरवलं. तसं होणं हा आजाराचाच भाग असतो, असं पुढं डॉक्टर म्हणाले. मला त्या वेळी ते वेगळंच वाटलं आणि मी बोट मागं घेतलं. म्हातारा उकिडवा बसला, ह्यांच्या गालावर हात ठेवून म्हणाला, "घे दादा. देवाचा हाय, नाय म्हनू नये." त्याला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. लहान मुलाला सांगावं तसं तो तेच तेच सांगत राहिला. केव्हातरी ह्यांचे ओठ सुटले. मी थेंब थेंब लावत गेले. ते गिळायला लागले.

हे सावरत होते तोवर म्हातारा बोलत होता. वाघानं गुरं मारू नयेत म्हणून वर्षातून एकदा गावाबाहेर, वाघदेवाच्या खांबापाशी गुराखी खीर शिजवतात. तो निवद गावात न्यायचा नाही, रानातच संपवायचा. "आमची पोटा भरली, खीर उरली," तो म्हणाला. "घरला न्यावा तं देव रागवल. म्हनून वाटेला कोन मिळतो का बघाया आलू. पन हे वाटेला कोन येतो?" म्हणजे मी माणूस शोधत होते तसा तोही शोधत होता. देवीवर रुसले तर तिच्या वाघाच्या दारचं खायला मिळालं, असं म्हणायचा मला मोह होतो. मी तसं म्हणत नाही. झालं ते सांगते.

हे उठून बसले. आधी गुरांच्या घंटांच्या आवाजाकडं, मग पातेल्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि रडायला लागले. मीनल गेल्यापासून ते रडले नव्हते. मी पाठीवर हात ठेवला, थांबवलं नाही. म्हातारा पळसाचं पान पुसत बसला. ह्यांचा जीव आता धोक्याबाहेर होता, औषधापुरती खीर केव्हाच पोटात गेली होती. बऱ्याच वेळानं ह्यांनी डोळे पुसले आणि म्हाताऱ्यापुढं हात केला.

"अजून आहे का, बाबा?"

म्हाताऱ्यानं पातेलं तिरपं केलं, तळाशी धरलेली खीर बोटांनी खरवडून पानावर घातली. ह्यांनी ती सावकाश, चवीनं खाल्ली. "संपला," म्हातारा म्हणाला. "आता आमी घरला जाया मोकळे." त्यानं पातेलं उपडं करून झटकलं आणि आला त्या वाटेनं निघून गेला. मी पाया पडायला वाकले, तोवर तो झाडीत शिरलाही होता.

पुढं बरीच वर्षं हे माझ्याबरोबर होते. आता नाहीत, मूत्रपिंडांनी शेवटी दगा दिला. पण ते गेले ते जगायची इच्छा धरून गेले, आणि याबद्दल मी देवीची जन्माची ऋणी आहे. मुलीसाठी मी पदर पसरून मागितलं तेव्हा मिळालं नाही. मागायला तोंड उरलं नव्हतं तेव्हा मिळालं. असं का, हे मला कळलेलं नाही, आणि कळून घ्यायचा हट्टही आता सुटला आहे. मी काही कबूल करत नाही, काही ठरवून घेत नाही. रोज सकाळी, माळ्यावरून पुन्हा देव्हाऱ्यात आणलेल्या देवांपुढं हात जोडते आणि म्हणते, आई, तुला द्यायचं ते दे. तू देशील तेव्हा तोंड उघडायची बुद्धी तेवढी माझी शाबूत ठेव.