भिंतीवर कैलास, घरी कैलास

कैलास वाळुंज सोमाटण्याचा. बॉयलर चालवतो. एवढं सांगितलं की आपली ओळख पुरी झाली, असं तो मानतो.

मी त्याच्याच कंपनीत फिटर होतो. त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. माणूस जागा कशी सोडून जातो, त्यावरून मी त्याचं काम जोखतो. कैलासची पाळी संपली की बॉयलरघराची फरशी झाडलेली असायची, राख बाहेर गेलेली असायची आणि वहीत तासातासाचे आकडे असायचे. ते खरे असायचे. बरेच जण सुटायच्या आधी पाच मिनिटांत आठ तासांचे आकडे भरतात. मी अशा वह्या पाहिल्यात.

आठ वर्षं त्यानं भट्टीत कोळसा टाकला आणि राख ओढली. मग बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली. पहिल्यांदा तोंडी परीक्षेत नापास. वर्षभर पुस्तक घेऊन माझ्या ओट्यावर बसला. दुसऱ्यांदा पास. सरकारी शिक्क्याचं, फोटो लावलेलं सर्टिफिकेट आलं त्या दिवशी साहेबांनी ते काचेत बसवून बॉयलरघराच्या भिंतीला लावलं. आमच्याकडे तीच पद्धत होती. ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर, तो माणूस कामावर.

पुढची एजन्सीची सगळी भानगड या पद्धतीमुळेच झाली.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मशिनरी परराज्यात हलवली. मी तेव्हा निवृत्त होतो. कैलास सेहेचाळीस वर्षांचा होता. हिशेब घेतला, भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून आणलं, आठ दिवस घरी बसला आणि नवव्या दिवशी काम शोधायला निघाला. तेव्हा त्याला कळलं की आता कारखान्याच्या गेटवर जाऊन साहेबाला भेटता येत नाही. वॉचमन माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन नंबर देतो. एजन्सीचं ऑफिस कुठं तरी दुकानाच्या माडीवर असतं. आत एक टेबल, एक मुलगी, दोन मोबाईल आणि खुर्च्यांवर वीस माणसं.

सोमाटणे फाट्यावरच्या ऑफिसात सारिका नावाची मुलगी बसायची. मालक पवन, तिशीतला, पायात पांढरे बूट. सारिकानं कैलासचा अर्ज भरला.

"काका, वय अडतीस टाकू का? पस्तिशीच्या वरचे फॉर्म पुढं सरकतच नाहीत."

"सेहेचाळीस टाक. सर्टिफिकेटवर जन्मतारीख हाय."

"आणि पत्ता बाहेरचा आहे का कुठला? लोकल नको म्हणतात कंपन्या. यात्रा आली की सुट्ट्या मारतात म्हणे."

"माझा पत्ता सोमाटणे. यात्रेच्या दिवशीबी बॉयलर मीच लावायचो. लिहून घे ते."

तिनं ते लिहिलं नाही. अर्जात तसा रकानाच नव्हता.

मग धावपळ सुरू झाली. चाकणला बॉयलरची जागा आहे म्हणून पाठवलं. तिथं वॉचमन हवा होता. एका ठिकाणी सकाळी आठला बोलावलं, दुपारी दोनला सांगितलं की जागा कालच भरली. एका ठिकाणी बिस्किटं खोक्यात भरायला उभं केलं. त्यानं दिवसभर खोकी भरली, नीट भरली आणि संध्याकाळी पवनला फोन केला. "हे काम वाईट न्हाई. पण मी अर्ज ह्याचा केला नव्हता." पवन म्हणाला, "तुमची प्रोफाईल पुढं पाठवलीय. कॉल येईल." हे वाक्य कैलासनं सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की त्याची बायको माधवी जेवायला वाढताना म्हणायची, "भाकरी पुढं पाठवलीय. कॉल येईल."

सातव्या महिन्यात पवननं स्वतः बोलावलं. वराळ्याला पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना आहे, बॉयलर आहे, अटेंडंट पाहिजे. मूळ सर्टिफिकेट जमा करा, भिंतीवर लावावं लागतं.

हे ऐकून कैलास खूश झाला. भिंतीवर लावणार म्हणजे कामावर घेणार. त्यानं मूळ कागद दिला, पोच घेतली नाही, घरी येऊन बूट पॉलिश केले. मला म्हणाला, "भाऊ, लागलो."

एक महिना गेला. कॉल आला नाही. पवन म्हणे, कंपनीचं व्हेरिफिकेशन चालू आहे. दुसरा महिना गेला. दरम्यान उर्से भागात एका औषधाच्या कारखान्यात जागा निघाली. त्यांनी मूळ सर्टिफिकेट मागितलं. कैलासकडे झेरॉक्स. त्यांनी दुसरा माणूस घेतला. असं दोनदा झालं. मग तो पवनकडे रोज जायला लागला. पवन रोज बाहेर गेलेला असायचा. पांढरे बूट मात्र आतल्या दारापाशी दिसायचे.

मी कैलासला बोललो. "मूळ कागद हातातून सोडतात का?" चूक त्याची होती आणि त्याला ती माहीत होती.

एका सकाळी आम्ही फाट्यावर चहा घेत होतो. अतुल टेम्पो लावून आत आला. हा आमच्याच आळीतला, खोक्यांची वाहतूक करतो. आल्या आल्या कैलासच्या पाठीवर थाप.

"काय राव, वराळ्याला लागला आन् सांगितलं बी न्हाई. पार्टी कुटंय?"

"कोण लागलं?"

"तुमी. बॉयलरघरात फोटो बघितला ना काल. नाव बी तुमचंच. फोटोत केस लय हायेत, म्हनून आधी वळखलं न्हाई."

कैलासनं कप खाली ठेवला. "मग बॉयलर कोण चालवतंय?"

"अंबाजी. तिकोणा पेठेचा. आधी गेटवर होता."

माधवीला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भिंतीवर फोटो लागायला माणूस जावा लागतो. तुमी जिते हाय तवर काढून आणा."

त्या दिवशी पवन सापडला. मी सोबत होतो. त्यानं अजिबात लाज दाखवली नाही.

"कैलासभाऊ, तुमच्याच फायद्याचं आहे. कंपनीला कागद पाहिजे, माणूस आमच्याकडं आहे. तुम्ही घरी बसा, दर महिन्याला कागदाचं भाडं मी देतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी फक्त येऊन उभं राहायचं. अशी किती माणसं आहेत माझ्याकडं."

मला वाटलं, कैलास त्याची कॉलर धरेल. त्यानं खुर्ची मागं सरकवली आणि उठला.

"बॉयलर फुटला तर कागद जळंल. अंबाजी बी जळंल. मी घरी बसून तुझं भाडं खाऊ व्हय?"

"फुटतंय कशाला?"

"तुला म्हाईत न्हाई, म्हनून तू इचारतोयस."

तिथून आम्ही माझ्या स्कूटरवर सरळ वराळ्याला गेलो. गेटवर वॉचमननं अडवलं. कैलास म्हणाला, "तुमच्या बॉयलरघरात माझा फोटो हाय. जाऊन बघ, मग आडव." वॉचमन पाहून आला आणि फाटक उघडलं.

बॉयलर लहान होता, लाकडाच्या भुशाच्या कांड्यांवर चालणारा. अंबाजी पन्नाशीचा, भुवयांवर राख. भिंतीवर काचेत कैलास. अंबाजी एकदा फोटोकडे आणि एकदा माणसाकडे पाहत राहिला.

"तुमी रातपाळीला असता म्हनून सांगितलंय आमाला."

कैलासनं फोटोकडे पाहिलं नाही. तो बॉयलरच्या पाण्याच्या काचेकडे पाहत होता. ही काचेची उभी नळी असते. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे, ते तिच्यात दिसतं. दुसरी काच गळते म्हणून बंद करून ठेवली होती. चालू काचेत पाणी अर्ध्यावर होतं.

"पाणी बरोबर हाय की," अंबाजी म्हणाला.

"हलत न्हाई," कैलास म्हणाला.

वाफ धरलेल्या बॉयलरच्या काचेत पाणी जरा तरी नाचतं. हे पाणी चित्रासारखं स्थिर होतं. कैलासनं काचेखालचा कॉक उघडून पाणी सोडलं आणि बंद केला. पाणी झटकन परत वर यायला हवं होतं. आलं नाही. बॉयलरमधून काचेत येणारी वाट चोंदलेली होती. काचेतलं पाणी जुनं होतं. आतलं किती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

अंबाजी घाबरून पंपाच्या बटणाकडे धावला. कैलासनं त्याचा हात धरला.

"पंप न्हाई. आत पत्रा तापला आसंल. गार पाणी गेलं की संपलं."

पहिल्या परीक्षेत तो याच प्रश्नावर नापास झाला होता. काचेत पाणी समजत नसेल तर काय कराल? पंप लावीन, असं म्हणाला होता तो.

त्यानं भट्टीला हवा देणारा पंखा बंद केला. कांड्या टाकणं थांबवलं. आम्ही तिघांनी मिळून विस्तव बाहेर ओढला. साठीनंतर मी तसं काम केलं नव्हतं. हात भाजले. कैलास एकदाही धावला नाही. एक काम संपवलं, मग दुसरं.

वाफ उतरली. कारखान्यातलं मशीन थांबलं. चाळीस माणसं काम सोडून उभी राहिली. मॅनेजर अनघा मॅडम तरातरा आल्या. वय पस्तीसच्या आसपास, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"बॉयलर कोणी बंद केला? तुम्ही कोण?"

कैलासनं भिंतीकडे बोट केलं. त्यांनी फोटो पाहिला, कैलासकडे पाहिलं. मग अंबाजीकडे वळल्या.

"एजन्सीनं सांगितलं होतं, हे रात्री असतात."

"मी सात महिने काम शोधलं आन् दोन महिन्यांपासून घरी बसून तुमच्या कॉलची वाट बघतोय," कैलास म्हणाला. "बॉयलर गार होऊ द्या. उद्या उघडून दाखवतो. मग मला काय बोलायचं ते बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं. मॅडम स्वतः बॅटरी घेऊन वाकल्या. पाणी काचेच्या खालच्या टोकापेक्षा चार बोटं खाली होतं. अजून तासभर चाललं असतं तर बॉयलर फुटायला वेळ लागला नसता. अंबाजी बाहेर जाऊन बसला.

कैलासनं भिंतीवरची काच उतरवली, कागद काढला, घडी न घालता पिशवीत ठेवला. मॅडमनी एजन्सीला फोन लावला. पलीकडून पवन म्हणत होता की माणूस पाहिजे तर आमच्यामार्फत घ्या, आज जॉइन करतो. फोन स्पीकरवर होता.

"एजन्सीतून न्हाई," कैलास म्हणाला. "कंपनीच्या कागदावर, माझ्या नावानं. आन् आजच. न्हाईतर मी निघालो."

मॅडमनी फोन बंद केला. "अनुभव किती?"

"आठ वर्षं राख. सोळा वर्षं बॉयलर."

पत्र टाइप झालं. त्यात त्याचं खरं वय होतं, सोमाटण्याचा पत्ता होता. सही करायच्या आधी कैलासनं एक अट घातली. अंबाजीला काढायचं नाही. तो हाताखाली राहील आणि परीक्षेला बसेल. "त्याची चूक न्हाई. त्याला कुणी शिकवलंच न्हाई," म्हणाला. मॅडम हो म्हणाल्या. इतर जागांवर पवनची माणसं होती तशी राहिली. ते बदलणं कैलासच्या हातात नव्हतं.

मग आम्ही काचेच्या वाटा तारेनं साफ केल्या. दुसरी काचही पॅकिंग बदलून चालू केली. ते काम माझं. पाणी भरलं. कैलासनं बारीक विस्तव लावला.

"एक वाजता माल जायचाय," मॅडम म्हणाल्या. "तासाभरात वाफ मिळेल?"

"तीन तास."

"अंबाजी तासात देत होते."

"व्हय. म्हनून तर इतवर आलं. गार बॉयलर हळू तापवायचा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि माल उशिरा निघेल असं कळवायला ऑफिसात गेल्या. चाळीस माणसं शेडच्या सावलीत बसली. कुणी चहा मागवला, कुणी डबा उघडला. दर पंधरा मिनिटांनी कैलास काच तपासत होता आणि आकडा वहीत लिहीत होता. अंबाजी बाजूला उभा राहून पाहत होता. आत येऊन घाई करा म्हणायला कुणी आलं नाही. तीन तासांना पाच मिनिटं कमी असताना त्यानं वाफेचा व्हॉल्व्ह थोडासा उघडला, कान देऊन ऐकलं, आणि मग पूर्ण उघडला.