मराठी पानाचा वाचक

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात हिंगाचा वास आला की तिथलं आमचं जुनं ऑफिस आठवतं. आमच्या हिंदी बातम्यांच्या साइटवर एक मराठी पान होतं आणि ते ठेवायचं की नाही, हे भेटींच्या आकड्यांवर ठरणार होतं. आलेख चांगला दिसत होता. मग साइट सांभाळणाऱ्या मुलीनं ऑफिसातले कंप्यूटर मोजणीतून वगळले आणि रेघ तळाला टेकली. "काका, हे सगळे तुम्हीच होता. बाकी कोई नहीं है," ती पान लिहिणाऱ्या वयस्कर संपादकांना म्हणाली. "अगं, चुका राहतात, म्हणून सारखं उघडून बघतो," ते म्हणाले. "बाहेरचं कुणीच नाही?" "कुणीच नाही," ती म्हणाली. पान बंद झालं, जुना मजकूर तेवढा साइटवर राहिला; काका घरी बसले. आता आकडे मी बघतो. त्या बंद पानावर रोज सकाळी ग्वाल्हेरातूनच एक भेट नोंदली जाते. ती मी वगळलेली नाही.