बुरशीबाई आणि रंगाची टाकी

लग्नघरी बुरशीबाई नवरीआधी आचाऱ्याला भेटत. चिरून काळी पडलेली वांग्याची फोड उचलून म्हणत, "पाहा, एन्झाइम कामाले लागलं!" आचारी घाबरून नवी वांगी मागवी.

आर्णीच्या कॉलेजात त्या जीवरसायन शिकवत, मी मराठी. त्या मला समजावत, "हे एन्झाइम एकाचा इलेक्ट्रॉन काढून दुसऱ्याले देते. दलालच म्हणा ना, सर!"

"दलाली किती घेते?" मी विचारी.

"काहीच नाही. म्हणून तर त्याले आवरनं कठीण!"

कपाशीच्या कुजक्या पऱ्हाटीवरची पांढरी बुरशी त्या बरण्यांत पोसत, म्हणून हे नाव. तिचं एन्झाइम रंग मोडतं. ते त्यांना कापड रंगवणाऱ्या सलीमभाई रंगाऱ्यांसाठी हवं होतं. सलीमभाईंचं जांभळं पाणी नालीत जाई. पाणी स्वच्छ सोडा, नाहीतर दुकान बंद, असं प्रदूषण मंडळाचे साहेब बजावून गेले होते.

"त्याले आंबट पानी लागते, ऊन सोसत नाही. जवायासारखं जपा लागते," असं म्हणत बाईंनी आधी एका ड्रममधल्या पाण्यात लिंबूसत्त्व आणि बुरशीचा अर्क घातला, ड्रमला ओली पोती गुंडाळली. दोन दिवसांत पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं. सलीमभाई ड्रमभोवती अक्षरशः नाचले, मीही.

मग मोठ्या टाकीची पाळी. साहेब यायच्या आदल्या दिवशी बाईंनी लिंबूसत्त्व आणि साठवलेला सगळा अर्क टाकीत ओतला. सकाळी पाहतो तर पाणी जांभळंच. बाईंनी आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवली आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी आंबट राहिलंच नव्हतं.

तेवढ्यात सलीमभाईंच्या पत्नी, रुबीनाभाभी, कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम आनेवाली थी ना, तो टंकी सोडे से रगड़ के रखी! तली में थोड़ा सोडा छोड़ भी दिया, बास नको यायला."

सोड्यानेच आंबटपणा मारला, हे सांगायला मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

"माझी बुरशीच कमजोर निघाली, भाभी," त्या म्हणाल्या.

टाकीतला अर्क वाया गेला होता, नवा व्हायला महिना लागला असता. साहेब थांबले नाहीत. दुकान बंद झालं, सलीमभाई नागपुरात दुसऱ्याच्या भट्टीवर रंग ढवळू लागले. बाईंनी त्यानंतर बरण्या भरल्या नाहीत. लग्नघरीही सरळ पंगतीला बसू लागल्या.

मागच्या वर्षी बाई वारल्या. भाभी मराठी वाचत नाहीत, म्हणून हे लिहायची हिंमत केली. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. चहा देत म्हणाल्या, "मॅडम दिल की बहुत अच्छी थी, सर. बस, साइंस का इल्म थोड़ा कच्चा था."

आणि कॉलेजभर बडबड्या म्हणून बदनाम असलेला मी, "हो भाभी" म्हणून कपात पाहत राहिलो.