कळंबच्या किनाऱ्यावर लाटा मोजताना

माझी लेक मुक्ता अकरावी सायन्स सोडून कॉमर्सला जाते म्हणाली, तेव्हा मी वाद घातला नाही. "रविवारी कळंबला जाऊ, मग ठरव," एवढंच म्हटलं आणि तिचं भौतिकशास्त्राचं पुस्तक पिशवीत टाकलं.

नालासोपाऱ्याहून स्कूटर काढली. निर्मळचा रस्ता अरुंद आहे, पण केळीच्या बागांमुळे सकाळी ऊन लागत नाही. तिथे वेलची केळी घ्याच. केळं सोलता सोलता मुक्ता म्हणाली, "क्लासमध्ये मी विचारलं, लाट किनाऱ्याला येते तर सगळं पाणी का येत नाही? सर म्हणाले, हे पाचवीतलं आहे. सगळे हसले."

तेव्हापासून तिनं तिथे काही विचारलंच नव्हतं. मला हे आज कळत होतं.

कळंबला ओहोटी होती. जाळी बांधायच्या बांबूंची सरळ, सारख्या अंतराची रांग वाळूतून पाण्यात गेलेली. जाळं आवरणारी एक मावशी म्हणाली, "पानी ओढतंय, बाय. गुडघ्याच्या पुढं जाऊ नका." आम्ही काठावरच बसलो.

लाटा फुटतात त्याच्या पलीकडे एक नारळ तरंगत होता. लाट आली की वर, गेली की खाली. जागा जवळपास तीच.

"पाणी जागच्या जागी हलतंय," मुक्ता म्हणाली. "पुढे येतं ते फक्त हलणं."

"पण काठाजवळची लाट जास्त वेगात येते," मी म्हटलं.

तिनं मोबाईलवर टायमर लावला. लांबच्या बांबूपाशी मिनिटाला बारा लाटा, जवळच्यापाशीही बाराच.

"म्हणजे वेग सारखा," मी म्हटलं.

"थांब गं आई." ती बांबूंकडे बघत राहिली. "लांब दोन लाटांमध्ये चार बांबूंचं अंतर आहे, इथे दोनच. तेवढ्याच वेळात निम्मं अंतर. इथली लाट हळू आहे."

मग तिनं पुस्तक उघडलं. वेग म्हणजे तरंगलांबी गुणिले वारंवारता. सूत्र जुळलं. मी दोनदा चुकले होते, आणि तिला त्याचा भलताच आनंद झाला होता.

गावातल्या खानावळीत बोंबील-भाकरी खाल्ली, दोघींचं पाचशेच्या आत झालं. जाणार असाल तर ओहोटीची वेळ बघून निघा.

घरी यांनी विचारलं, "मग, कॉमर्स?"

"सायन्सच," मुक्ता म्हणाली. "पण त्या क्लासला जाणार नाही."

"मग शिकवणार कोण?"

"शोधू," मी म्हटलं.

अजून शोधतोय. तोवर ती जेवताना मलाच प्रश्न विचारते. बहुतेकांची उत्तरं मला येत नाहीत, तसं मी सांगते. ती तरीही विचारत राहते.