विमानाच्या आवाजात बोडीवरचं इंजन

माझा पोरगा नागपुरात कॉम्प्युटरवरच्या खेळासाठी विमानांचे आवाज बनवतो. जुनी लढाऊ विमानं, नाकावर पंखा असलेली. हा पण धंदा असतो, हे मला नीट कळलं ते बुढी गेल्यावर. बुढी म्हणजे माझी बायको, त्याची माय. तिच्या तेरवीला तो कॉम्प्युटर घेऊनच आला.

"माय गेली आन तू खेळून राहिला बे?"

"काम हाय बाबा. बसा, आयका."

त्यानं हेडफोन माझ्या कानावर चढवला. म्हणे, हे इंजन ठंडं असताना दामटलं तर आतून जाते, आन उद्या खेळ परत उघडला तरी ते बिघडलेलंच राहते. खोटं इंजन, बिघाड खरा. बाप्पा! मी चाटच पडलो. मग त्यानं विमान चालू केलं. पंखा अडखळला, खोकला, आणि मधेच किणकिण झाली. माझी उजवी मूठ आपसूक उघडली.

बोडीवरचं, म्हणजे शेतातल्या तळ्यावरचं, पाणी ओढायचं आमचं डिझेल इंजन चालू करणं एकट्याचं काम नाही. मी हँडल फिरवायचो, जोर आला की ओरडायचो, "पाड!" बुढी वरचा खटका पाडायची. तिच्या काचेच्या बांगड्या लोखंडावर वाजायच्या, की मी हँडल सोडायचो. उशीर केला तर हँडल मनगट मोडते. जिंदगीभर हेच.

"हे तं आपलं इंजन हाय!" मी ओरडलो.

"हो. दिवाळीत माईक लावला होता ना. खोकलणं आपलं, पुढचा आवाज विमानाचा. माय म्हणे, धानाच्या बांधीत पानी टाकनारं आता आभाळात जाते का रे?"

तसं म्हणून ती किती हासली होती. आता ती सरणावर गेली, हिरव्या बांगड्या भरून. हात जळला, काच फुटली. मग वाजणं इथं कसं राहिलं?

पोरगा सांगू लागला. खेळणारे तक्रार करून राहिले, म्हणे, खऱ्या विमानात अशी किणकिण वाजत नाही. वरून हुकूम आला, काढा. "माह्यानं होत नाही. तुमी सांगा बाबा, ठेवू का काढू?"

"परत लाव."

त्यानं परत लावलं. मूठ परत उघडली.

"काढ," मी म्हटलं. "कोनाच्याबी लढाईत तिनं काहून खटका पाडावा? तुह्यापाशी ठेव. मले आयकवू नको."

त्यानं माझ्यासमोरच काढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोडीवर गेलो. ती गेल्यापासून इंजन बंद, उन्हाळी धान पिवळं पडलेलं. पोरगा खटक्यापाशी उभा राहिला. मी हँडल फिरवलं, ओरडलो, "पाड!" त्यानं पाडला. इंजन पहिल्याच दमात पेटलं.

"बाबा, सोडा! हात सोडा!"

किणकिण झालीच नव्हती. सोडू कसा?