रेडिओचा स्वतंत्र अभ्यास

पार्लरवालीला सगळी गल्ली ‘रेडिओ’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यात तिच्यावर काडीचा अन्याय नव्हता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. कात्री एक वेळ थांबेल, ही नाही. तरी बायका हसत यायच्या, हसत जायच्या, घराच्या पुढच्या खोलीतला हा धंदा झकास चालला होता. लग्नामुळं अर्धवट सुटलेलं कॉलेज तेवढं मनात सलत होतं. मुलगी शिकून नोकरीला लागली तशी हिनं कंबर कसली आणि सकाळच्या वर्गात नाव घातलं.

शेवटच्या वर्षापर्यंत गाडी सुरळीत आली. तिथं मात्र ‘स्वतंत्र अभ्यास’ नावाचा पेपर आडवा आला. या पेपराला पुस्तक नाही, वर्ग नाही, पाठ करायला काही नाही. विषय आपला आपण शोधायचा, माणसांना भेटून माहिती गोळा करायची, ती लिहून काढायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर जाऊन बसायचं. यात नापास म्हणजे पदवी हुकली. वर्गातल्या पोरींचं धाबं दणाणलं, पण ही खुशीत. हिचा विषय तर रोज हिच्या खुर्चीत येऊन बसत होता. आपले केस कसे कापायचे, हे बायका कशावरून ठरवतात?

मार्गदर्शक मॅडमना विषय आवडला. गिऱ्हाइकांची परवानगी घ्या, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ते जसंच्या तसं उतरवून काढा, असं त्यांनी बजावलं. हिनं रेकॉर्डिंगचा सपाटाच लावला आणि एके दिवशी मोठ्या ऐटीत मॅडमपुढं मोबाइल ठेवला.

मॅडमनी एक ऐकलं, दुसरं ऐकलं, मग तिसरं. चेहरा गंभीर ठेवायला त्यांना फार कष्ट पडत होते. सगळीकडं ही एकटीच बोलत होती. प्रश्न हिचा, उत्तरही हिचंच. तुम्हाला कानापर्यंतच हवेत ना, तेच शोभतं तुम्हाला, माझ्या नणंदेनंपण तसेच कापलेत, असं म्हणत स्वारी जी नणंदेच्या घरी जायची, ती केस वाळेपर्यंत परत यायची नाही. गिऱ्हाईक मधूनमधून ‘हं’ म्हणत होतं, तेवढाच काय तो त्याचा आवाज.

“हा अभ्यास तुमच्या नणंदेचा झालाय,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा करा. प्रश्न विचारा आणि समोरची बोलेपर्यंत गप्प बसा.”

अहवाल द्यायला दिवस थोडे उरलेले, आणि गप्प बसण्याची सवय तर जन्मात नव्हती. आधी घरातच सराव करून बघू, म्हणून तिनं सासूबाईंना खुर्चीत बसवलं. त्यांचे केस लग्न झाल्यापासून हीच कापायची. आखूड, मानेच्या वर, सुटसुटीत. मोबाइल सुरू करून तिनं विचारलं, की आई, तुमचे केस असेच कापायचे हे कसं ठरलं? आणि ओठ घट्ट मिटले.

सासूबाई हिच्या पुढच्या वाक्याची वाट पाहू लागल्या. ते काही येईना. हिची जीभ नुसती वळवळत होती, शेवटी तिनं दातात फणी धरली. आरशातून हिला न्याहाळून झालं, तेव्हा कुठं सासूबाईंनी घसा खाकरला.

“ठरलं कुठं? तू कापलेस. मला आखूड केस कधीच आवडले नाहीत गं. मला वेणी आवडते.”

हिच्या तोंडातली फणी खाली पडली. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं.

“मध्ये जागा कुठं होती?” सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

मग ती गिऱ्हाइकांनाही तसंच विचारत सुटली आणि फणी चावत ऐकत राहिली. कुणाला मोकळे केस हवे होते, कुणाला नुसतीच टोकं कापून हवी होती. पण हिला मध्येच थांबवणार कोण? तिला फार वाईट वाटलं. हे लिहायचं म्हणजे आपल्याच हातानं आपल्या धंद्याची बोंब मारायची. न लिहावं, तर अभ्यास खोटा. शेवटी तिनं सासूबाईंकडं परवानगी मागितली. म्हातारी भलतीच खूश झाली. माझं बोलणं तुझ्या भाषेत दुरुस्त करायचं नाही, एवढीच अट तिनं घातली. हिनं सगळं होतं तसं लिहिलं.

परीक्षक बाईंनी अहवाल चाळून विचारलं, “कुणाला बोलू न देणारी ही पार्लरवाली कोण?”

आता संपलंच, असं हिला वाटलं. “मीच,” ती म्हणाली, आणि तेवढ्यावरच थांबली.

बाईंना हसू आवरेना. अभ्यास खरा आहे म्हणाल्या, आणि हिला पास केलं. हिचा जीव भांड्यात पडला.

धावतपळत घरी येऊन तिनं सासूबाईंना मिठी मारली, तुमच्यामुळं पास झाले म्हणाली. सासूबाईंनी ते श्रेय अगदी हक्कानं घेतलं. मग हिला पार्लरच्या खुर्चीत बसवून स्वतः समोर स्टूल ओढलं.

“केसांचं झालं,” त्या म्हणाल्या. “पण चहात तू साखर फार घालतेस, खिडकीचा तो पडदा मला आवडत नाही. आणि तुझे सासरे गेल्यापासून त्यांच्याबद्दल मी कुणाशी बोललेच नाही बघ.”

हिनं मोबाइल बंद केला, पर्समध्ये टाकला आणि खुर्ची पुढं सरकवली.